जुन्या पिकअपमधील मंदावलेला गारवा : कारणे व उपाय



शेतात पिकलेला माल वेळेवर बाजारात पोहोचला तरच शेतकऱ्याच्या श्रमांचे चीज होते. पेडणे तालुक्यातील नारळ, काजू, मिरची व भाजीपाला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जातो. डिचोली तालुक्यातून साखळीमार्गे चोर्ला घाट चढून वाहने बेळगावला जातात व तिकडची भाजी घेऊन गोव्यात परततात. ही वाहतूक बहुतांशी लहान पिकअप वाहनांवर चालते. त्यांतील कित्येक वाहने दहा-पंधरा वर्षांची जुनी असूनही आजही एखाद्या कुटुंबाचा संसार चालवीत आहेत. अशा वाहनाचे इंजिन ठणठणीत असते, सांगाडाही शाबूत असतो; परंतु चालकाच्या कक्षातील वातानुकूलन मात्र मंदावलेले असते. पंख्यातून हवा येते, पण ती गार नसते.

ही केवळ चैनीची बाब आहे असे समजणे योग्य नाही. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या राहिलेल्या वाहनाचा कक्ष बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळच अधिक तापतो. उष्म्याने चालकाचा थकवा वाढतो आणि लक्ष विचलित होते. पावसाळ्यात, विशेषतः घाटातील धुक्यात, समोरची काच आतून धूसर होते व रस्ता दिसेनासा होतो. त्या वेळी काच त्वरित स्वच्छ करणारे साधन म्हणजे हीच यंत्रणा होय. शासनानेही या प्रश्नाची दखल घेतलेली आहे. साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालवाहू वाहनांच्या वर्गात १ ऑक्टोबर २०२५ पासून निर्माण होणाऱ्या वाहनांच्या चालक-कक्षात वातानुकूलन बसविणे केंद्र शासनाने बंधनकारक केले आहे. तथापि त्याहून हलकी पिकअप वाहने व पूर्वी निर्माण झालेली वाहने या नियमाच्या कक्षेत येत नाहीत. तेव्हा जुन्या वाहनात जी यंत्रणा आहे ती नीट राखणे हे वाहनधारकाच्याच हाती उरते.

गारवा निर्माण कसा होतो

मातीच्या मडक्यातील पाणी उन्हाळ्यात गार का राहते, हे खेड्यातील प्रत्येकास ठाऊक आहे. मडक्याच्या छिद्रांतून पाझरलेले पाणी बाहेर वाफ होऊन जाते आणि वाफ होताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. द्रवाचे वायूत रूपांतर होताना उष्णता शोषली जाते, हाच वातानुकूलनाचा पाया आहे. भेद इतकाच की, मडक्यातील पाणी उडून जाते. वाहनात मात्र तोच पदार्थ बंदिस्त नळ्यांतून पुनःपुन्हा फिरविला जातो.

सध्या वापरात असलेल्या बहुसंख्य जुन्या वाहनांत आर-१३४ए नावाचा शीतवायू असतो. मोकळ्या हवेच्या दाबाखाली तो उणे २६ अंश सेल्सियसला उकळतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर या वायूस दाबतो; दाबामुळे तो तापतो. वाहनाच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे बसविलेल्या कंडेन्सरमध्ये तो आपली उष्णता बाहेरच्या वाऱ्याला देऊन द्रवरूप होतो. पुढे ड्रायरच्या बाटलीत त्यातील ओलावा शोषला जातो. त्यानंतर एक्सपान्शन व्हॉल्वच्या बारीक छिद्रातून तो कूलिंग कॉइलमध्ये शिरतो, तेथे दाब एकदम घटतो आणि द्रव उकळू लागतो. कॉइलवरून पंख्याने ढकललेली कक्षातील हवा आपली उष्णता त्यास देते व गार होऊन बाहेर पडते.

गोव्यासारख्या दमट प्रदेशात आणखी एक गोष्ट घडते. थंड कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी होते आणि ते नळीवाटे वाहनाखाली ठिबकते. हवेतून पाणी काढण्यासही बरीच शक्ती खर्ची पडते. म्हणून कोरड्या प्रदेशातील वाहनात हवा जितकी गार येते तितकी किनाऱ्यावर येईलच असे नाही. विलिस कॅरियर या अमेरिकन अभियंत्याने १९०२ साली ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, तिचा मूळ हेतूदेखील कागदास बाधणारी दमट हवा आटोक्यात आणणे हाच होता. वाहनाखाली ठिबकणारे स्वच्छ पाणी हा दोष नसून यंत्रणा काम करीत असल्याचा पुरावा आहे, हे नव्या चालकांनी ध्यानात ठेवावे.

वायू हे इंधन नव्हे

या विवेचनावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. डिझेल जळून जाते, तसा शीतवायू खर्च होत नाही. तो बंदिस्त फेऱ्यात फिरत असतो. जुन्या रबरी नळ्यांतून व सांध्यांतून तो वर्षानुवर्षांत किंचित झिरपतो हे खरे. परंतु दरवर्षी मार्च महिना उजाडला की वायू भरावा लागतो, याचा अर्थ एकच – कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता वायू भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. त्यात वाहनधारकाचा पैसा जातो, वायूबरोबर फिरणारे तेल कमी झाल्याने कॉम्प्रेसर झिजतो, आणि हवेत गेलेला वायू वातावरणाची हानी करतो ती वेगळीच.

दुसरा गैरसमज असा की, वायू जितका अधिक तितका गारवा अधिक. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. प्रमाणाबाहेर वायू भरल्यास कंडेन्सरमध्ये द्रव साचून त्याची जागा अडते, दाब भलताच चढतो आणि गारवा घटतो. सर्वसाधारण पिकअपमध्ये वायूचे प्रमाण अर्धा ते पाऊण किलोच्या आसपास असते. नेमका आकडा वाहनाच्या बॉनेटखालील पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेला असतो व तोच प्रमाण मानावा.

प्रथम बिनखर्चाची तपासणी

गारवा कमी झाला की गॅरेजमध्ये जाऊन वायू भरून घेण्याची घाई केली जाते. वास्तविक निम्मे दोष डोळ्यांनी दिसणारे व हातांनी दूर करता येण्याजोगे असतात. ही तपासणी पुढील क्रमाने करावी.

पहिली पाहणी हवेच्या वाटेची. पंखा पूर्ण वेगावर ठेवूनही हवेचा झोत क्षीण असेल, तर दोष वायूत नसून वाटेत आहे. ज्या वाहनात कक्षाचा फिल्टर आहे तेथे तो काढून पाहावा. मातीने गच्च झालेला फिल्टर झाडून वापरण्यापेक्षा बदलणे श्रेयस्कर. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या वाहनांत काचेखालील जाळीतून पालापाचोळा आत शिरतो व पंख्यापाशी आणि पाण्याच्या नळीच्या तोंडाशी साचतो. नळी तुंबली की पाणी पायाखालच्या चटईवर उतरते आणि कक्षात कुबट वास येतो. बाहेरची हवा आत घेणारी झडप बंद होत नसेल तर यंत्रणेस सदैव बाहेरची उष्ण, दमट हवा गार करावी लागते. सुरुवातीस दोन मिनिटे काचा उघड्या ठेवून कोंडलेली उष्ण हवा घालवावी व मग आतलीच हवा फिरविणारी कळ वापरावी.

दुसरी पाहणी कंडेन्सरची. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतील परिस्थिती येथे निरनिराळी आहे. डिचोलीत शिरगाव, पिळगाव, मये या परिसरात लोहखनिजाच्या खाणी आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयानंतर त्या वर्षीच्या मार्च महिन्यात राज्यातील खाणकाम थांबले होते. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि २०२४ पासून डिचोलीत खाणकामास पुन्हा आरंभ झाला. ज्या रस्त्यांवरून खनिजाचे ट्रक जातात तेथून फिरणाऱ्या वाहनाच्या कंडेन्सरवर तांबड्या धुळीचा थर बसतो. पहिल्या पावसात त्याचा चिखल होतो व नंतर तो विटेसारखा वाळतो. याउलट पेडण्यातील केरी, हरमल, मांद्रे, मोरजी या किनारी गावांत खाऱ्या वाऱ्यामुळे कंडेन्सरचे ॲल्युमिनियमचे बारीक पत्रे खातात, पांढरी भुकटी होऊन गळून पडतात. धूळ धुता येते. खाल्लेले पत्रे परत येत नाहीत.

उपाय साधा आहे. इंजिन थंड असताना गोड्या पाण्याची मंद धार, शक्य तेथे आतल्या बाजूने बाहेर अशी सोडावी, म्हणजे माती आली त्याच वाटेने परत जाते. गाड्या धुण्याच्या यंत्राचा जोरदार फवारा जवळून मारू नये; त्याने पत्रे दुमडतात व वाऱ्याची वाट कायमची बंद होते. दाहक सोडा वा आम्ल वापरू नये, सौम्य साबण पुरे. किनाऱ्यावरील वाहनधारकांनी आठवड्यातून एकदा तरी ही धुलाई करावी. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधील फटीत अडकलेला कचराही काढावा.

तिसरी पाहणी पट्ट्याची व पंख्याची. सैल किंवा चकाकी आलेला पट्टा घसरतो आणि कॉम्प्रेसर पुरेसा फिरत नाही. कळ दाबल्यावर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी 'टक्' असा आवाज येऊन पुढची चकती फिरू लागली पाहिजे. ती फिरत नसेल तर फ्यूज, रिले, तारांचे सांधे व चकतीमधील अंतर क्रमाने पाहावे. वायू फारच कमी असल्यासही सुरक्षा-कळ कॉम्प्रेसर चालू होऊ देत नाही, हे येथे विसरू नये. वाहन धावत असताना गारवा चांगला आणि चौकात थांबताच नाहीसा, असा प्रकार असेल तर बहुधा कंडेन्सरचा विजेचा पंखा बंद असतो किंवा कंडेन्सर तुंबलेला असतो.

चौथी पाहणी उष्णतेच्या चोरवाटांची. दारांची रबरे फाटली असतील, गिअरच्या दांड्याभोवतीचे आवरण गेले असेल, तर इंजिनाची धग कक्षात येते. ज्या वाहनात हिवाळ्यासाठी हीटर आहे, तेथे त्याचा व्हॉल्व पूर्ण बंद होत नसल्यास इंजिनातील कढत पाणी गार हवेस पुन्हा तापविते. एकीकडे गार करावयाचे व दुसरीकडे तापवावयाचे, असा हा व्यर्थ खटाटोप असतो. दुहेरी रांगेच्या पिकअपमध्ये कक्ष मोठा व कॉइल एकटीच पुढे, म्हणून तेथे या फटी बुजविण्याचा लाभ विशेष जाणवतो.

कारागिराचे काम

एवढे करूनही गारवा आला नाही, तर मग प्रशिक्षित कारागिराकडे जावे. चांगला कारागीर प्रथम वायूची बाटली हातात घेत नाही. तो दाबमापके जोडतो. इंजिन बंद असताना ३० अंश तापमानास दोन्ही बाजूंचा दाब सुमारे ९५ पौंड प्रति चौरस इंच असतो. परंतु नळ्यांत थोडाही द्रव शिल्लक असेतो हा आकडा तोच राहतो. म्हणून त्यावरून वायू पुरेसा आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. इंजिन मध्यम वेगाने चालवून, पंखा पूर्ण ठेवून, दहा मिनिटांनी वाचलेले आकडे खरे बोलतात. बाहेर ३५ अंश असताना कमी दाबाची बाजू साधारणतः २५ ते ४० पौंड आणि अधिक दाबाची बाजू २०० ते २५० पौंड असावी. वाहनागणिक यात थोडाफार फरक पडतो.

दोन्ही आकडे कमी असतील तर वायू कमी आहे. दोन्ही फार चढलेले असतील तर कंडेन्सर तुंबलेला, पंखा बंद किंवा वायू जास्त आहे. कमी दाबाची बाजू चढलेली आणि अधिक दाबाची बाजू उतरलेली असेल तर कॉम्प्रेसर झिजला आहे. कमी बाजूचा आकडा शून्याकडे किंवा त्याखाली जात असेल तर एक्सपान्शन व्हॉल्व अडला आहे. काही वेळ उत्तम गारवा, मग एकाएकी उष्ण हवा, आणि यंत्रणा थोडी बंद ठेवताच पुन्हा गारवा, असे घडत असेल तर नळ्यांतील ओलाव्याचा व्हॉल्वच्या छिद्रात बर्फ होत आहे, किंवा तापमान राखणारी कळ बिघडून सबंध कॉइलच गोठत आहे असे समजावे.

गळती शोधण्यास या मातीचीच मदत होते. वायूबरोबर तेल फिरत असल्याने जेथे वायू झिरपतो तेथे तेलकट डाग पडतो व त्यावर तांबडी धूळ चिकटून बसते. सांध्यावर असा ओलसर काळपट गोळा दिसला की साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत. नळ्या रिकाम्या असतील तर नियंत्रक बसवून नायट्रोजनचा दाब द्यावा. ऑक्सिजन वा पंक्चरवाल्याची दाबलेली हवा कदापि वापरू नये. तेलाशी संबंध येऊन स्फोटाचा धोका संभवतो, आणि हवेबरोबर ओलावा आत जातो.

गळती बुजविल्यावर सांध्यांची रबरी कडी आणि ड्रायरची बाटली बदलावी. उघड्या राहिलेल्या ड्रायरने गोव्याच्या हवेतील बाष्प आधीच पोटभर शोषलेले असते. त्यानंतर निर्वात पंप किमान अर्धा-पाऊण तास चालवावा. यात नुसती हवाच निघून जाते असे नाही. पाऱ्याच्या २९ इंचांइतकी निर्वात स्थिती साधली की पाणी २५ अंशांच्या आसपासच उकळते व वाफ होऊन बाहेर पडते. पंप बंद केल्यावर अर्धा तास काटा स्थिर राहिला तरच सांधे घट्ट समजावेत, आणि मगच वजनकाट्यावर मोजून वायू भरावा. जे कारागीर पंप व वजन ही दोन कामे टाळतात, त्यांचे काम स्वस्त वाटले तरी पुढच्या उन्हाळ्यात महाग पडते. वाहनधारकाने हे दोन प्रश्न विचारण्यास संकोच करू नये : निर्वात पंप किती वेळ चालविला, आणि किती ग्रॅम वायू भरला?

जुना वायू, नवा वायू

फार जुन्या वाहनांत पूर्वी आर-१२ हा वायू असे. असे वायू ओझोनच्या थराचा नाश करतात, हे मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवून दिले. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वये त्यांच्यावर जागतिक नियंत्रण आले. भारत १९९२ साली त्या करारात सहभागी झाला व ऑगस्ट २००८ मध्ये या वर्गातील वायूंचे देशातील उत्पादन, औषधी उपयोगाचा अपवाद वगळता, संपुष्टात आणले. तेव्हा जुन्या यंत्रणेत आज आर-१३४ए भरावयाचा तर तेल, ड्रायर, कडी व तोंडे बदलणे अगत्याचे आहे. जुन्या खनिज तेलात नवा वायू मिसळत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो.

आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही. परंतु पृथ्वीचे तापमान वाढविण्याची त्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट आहे. म्हणजे एका पिकअपमधील अर्धा किलो वायू हवेत सोडणे हे सातशे किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. २०१६ सालच्या किगाली दुरुस्तीस भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली असून या वायूंचा वापर २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटविला जावयाचा आहे. म्हणून दुरुस्तीपूर्वी उरलेला वायू मोकळा न सोडता यंत्राने काढून घ्यावा. स्वस्त पडतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरण्याचा प्रकार तर सर्वथा त्याज्य होय. कक्षातील कॉइल फुटल्यास एका ठिणगीने अनर्थ ओढवेल.

सुरक्षितता आणि जबाबदारी

द्रवरूप वायू डोळ्यांत वा त्वचेवर उडाल्यास हिमदाह होतो. चष्मा व हातमोजे घातल्याविना सांधा सोडू नये. आगीच्या ज्वाळेत हा वायू विघटित होऊन विषारी धूर होतो, म्हणून भरलेल्या नळीवर झाळकाम करू नये. आणखी एक इशारा गॅरेजबाहेरचा आहे. रात्री मालाची वाट पाहत चालक काचा बंद करून, इंजिन व वातानुकूलन चालू ठेवून झोपी जातात. धुराची नळी फुटकी असेल वा वाहन आडोशास उभे असेल, तर कार्बन मोनॉक्साइड कक्षात शिरतो. त्यास वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस जागा होत नाही. गारव्याची दुरुस्ती करताना धुराच्या नळीचीही तपासणी करणे म्हणूनच आवश्यक आहे.

या कामी प्रत्येकास काही करण्याजोगे आहे. शासकीय कार्यालयांतील जुन्या वाहनांच्या नोंदवहीत वायू भरल्याची तारीख, वजन व सापडलेली गळती लिहिली गेली तर त्याच वाहनावर तोच खर्च पुनःपुन्हा होणार नाही. पेडणे व डिचोली येथे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. गावातील होतकरू मुलांनी अशा संस्थांतून हा व्यवसाय शास्त्रशुद्ध रीतीने शिकून घेतल्यास त्यांना गावातच काम मिळेल. शिक्षकांनी वर्गात मडके व ओले फडके घेऊन बाष्पीभवनाचा पाठ द्यावा आणि शाळेबाहेर उभ्या असलेल्या पिकअपकडे बोट दाखवावे. पुस्तकातील नियम दारात उभा असल्याचे मुलांना दिसेल.

वाहनधारकाने मात्र एवढे तरी करावे : आधी धुवावे, मग पाहावे, मग मोजावे आणि सर्वांत शेवटी भरावे. हा क्रम जो पाळील, त्याचे जुने वाहनही येत्या वैशाखात त्यास गार वारा देईल, आणि पावसाळ्यात चोर्ल्याच्या धुक्यातून त्यास घरी सुखरूप आणील.